ठाऊक असलेले विचारण्याची कला

माणूस माणसाला प्रश्न विचारतो तो उत्तर ठाऊक नसते म्हणून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आणि बाजारात, रेल्वेच्या फलाटावर, लग्नाच्या बोलणीत किंवा दवाखान्यातल्या बाकावर तो बहुतेक खराही ठरतो. मेथीच्या जुडीचा भाव विचारणाऱ्या गृहस्थाच्या मनात त्या भावाविषयी खरोखरच अंधार असतो, आणि 'पुण्याची गाडी गेली काय हो?' असे धापा टाकीत विचारणाऱ्या प्रवाशाला ती गेली असल्याची धास्ती असली तरी खात्री नसते. या जगद्व्यापी शिरस्त्याला अपवाद दोनच. एक फौजदारी वकील. उलटतपासणीत ज्याचे उत्तर आपणास आधीच माहीत नाही असा प्रश्न चुकूनही विचारू नये, हे बाळकडू त्याला ज्येष्ठांकडून मिळालेले असते. दुसरा अपवाद म्हणजे इंग्रजीचा शिक्षक. वकील निदान फी घेऊन, आणि एका वेळी एकाच साक्षीदारावर, हा प्रयोग करतो. शिक्षक तोच उद्योग ठरीव वेतनात, साठ साक्षीदारांपुढे, मुद्देमाल स्वतःच्या हातात धरून करतो. खिशातले पेन काढून, ते शेवटच्या बाकापर्यंत दिसेल इतके उंच धरून तो विचारतो, 'व्हॉट इज धिस?' ते पेन आहे हे साठही मुलांना ठाऊक असते, शिक्षकालाही ठाऊक असते. मुलांना ते ठाऊक आहे हे शिक्षकाला ठाऊक असते, आणि शिक्षकाला हे ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असते. सर्वज्ञतेच्या इतक्या परिपूर्ण वातावरणात प्रश्न पडतो, 'इट इज अ पेन' असा साठ कंठांचा निर्वाळा येतो, आणि कोणाच्याही ज्ञानात कवडीचीही भर न पडता उभयपक्षी समाधान होते.

नोकरीच्या निमित्ताने मराठी माध्यमाच्या शाळांतले इंग्रजीचे तास शेवटच्या बाकावर बसून पाहण्याचा योग मला पुष्कळ आला. त्या बाकावरून फळा नीट दिसत नसला तरी शिक्षणशास्त्र फार स्पष्ट दिसते. परकी भाषा शिकविण्याच्या जितक्या पद्धती गेल्या दीडशे वर्षांत निघाल्या, तितक्या दुसऱ्या कोणत्या विषयाच्या वाट्यास आल्या असतील असे वाटत नाही. आणि त्यांतील प्रत्येकीने मागचीस बडतर्फ करूनच दप्तराचा ताबा घेतला. परंतु वरवर एकमेकींच्या हाडवैरी दिसणाऱ्या या पद्धतींत एक गोष्ट मात्र पिढीजाद वतनासारखी चालत आली, ती म्हणजे ठाऊक असलेले विचारण्याची कला.

या कलेचे शिक्षण रीतसर दिले जाते. अध्यापक महाविद्यालयांतील प्रशिक्षणार्थी 'सराव पाठ' घेण्यासाठी शाळेत येतो, तेव्हा त्याच्या काखेत गुंडाळफळा आणि चित्रांची सुरळी असते, खिशात रंगीत खडू असतात आणि हातात मार्गदर्शक प्राध्यापकांची सही झालेले पाठटिपण असते. या टिपणात रकाने आखलेले असतात. शिक्षकाने काय करावयाचे त्याचा एक, विद्यार्थ्यांनी काय करावयाचे त्याचा दुसरा, आणि प्रश्नासमोर 'अपेक्षित उत्तर' असा तिसरा. मूल तोंड उघडण्यापूर्वी दोन दिवस त्याचे उत्तर मंजूर होऊन, तारीख पडून, दप्तरी दाखल झालेले असते. आता मुलाने त्या उत्तराला आवाज देण्याचा उरलेला उपचार तेवढा पार पाडावा, एवढीच अपेक्षा.

अशा एका पाठाचा प्रसंग मी जवळून पाहिला. पाठ पावसावरील कवितेचा होता, आणि महिना, सराव पाठांच्या वेळापत्रकाप्रमाणे, पौषाचा होता. हर्बार्ट या शिक्षणशास्त्रज्ञाच्या पंचपदीला अनुसरून प्रथम प्रस्तावनेचे प्रश्न विचारावयाचे, त्यांच्या पायऱ्यांवरून वर्गाला अलगद वर चढवावयाचे आणि शेवटी हेतुकथन करावयाचे, असा बेत होता. प्रशिक्षणार्थी तरुणाने खिडकीकडे हात करून पहिला प्रश्न टाकला, 'व्हॉट डू यू सी इन द स्काय?' अपेक्षित उत्तर 'क्लाउड्स' असे होते. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला, त्याने खिडकीतून प्रामाणिकपणे वर पाहिले आणि तो म्हणाला, 'नथिंग.' उत्तर इंग्रजीत होते, शुद्ध होते आणि त्या निरभ्र आकाशाच्या बाबतीत अक्षरशः सत्य होते. तरुणाचा चेहरा उतरला. 'नो, नो. थिंक,' तो म्हणाला. दुसऱ्या मुलाने अधिक बारकाईने पाहून 'क्रो' सांगितले. तेही खरे होते आणि तेही नामंजूर झाले. अखेर पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. तिने खिडकीकडे पाहिलेच नाही. टेबलावरच्या सुरळीतून चित्राचा जो कोपरा बाहेर डोकावत होता, त्यावरचा काळा रंग तिने पाहिला आणि 'क्लाउड्स' असे खणखणीत उत्तर दिले. 'व्हेरी गुड!' असे म्हणून तरुणाने सुटकेचा निःश्वास टाकला, प्राध्यापकांनी वहीत 'प्रस्तावना परिणामकारक' अशी नोंद केली, आणि आकाशाकडे पाहून बोलणारे दोघे खाली बसून सुरळीकडे पाहावयास शिकले. त्या तासात खरे अध्ययन झाले असेल तर ते एवढेच.

या वृत्तीचे खापर मात्र त्या तरुणाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. त्याच्यामागे फार मोठी परंपरा आहे. आपल्याकडे ज्या भाषांतरपद्धतीने कित्येक पिढ्यांना इंग्रजी आले, तिचे आद्य पीठ म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, नियम पाठ करा आणि पुढच्या धड्याकडे जा, अशा या सरळ मार्गाने कारकून, वकील, संपादक आणि मामलेदार असे चौफेर पीक महाराष्ट्रात निघाले, हे तिच्या निंदकांनीही कबूल केले पाहिजे. भाषांतराच्या वाक्यांना एकमेकांशी नाते ठेवण्याचे बंधन नसते. एकात राजा मरतो, दुसऱ्यात माळी झाडांना पाणी घालतो, तिसऱ्यात माझ्या भावाची छत्री तुझ्या बहिणीच्या छत्रीपेक्षा मोठी निघते; आणि राजाच्या मृत्यूचे दुःख ना माळ्याला, ना छत्रीवाल्यांना. अशा वाक्याचे भाषांतर करताना राजा का मेला, हे कोणी विचारीत नाही. पहिले पद कोणत्या विभक्तीत आहे, एवढेच विचारले जाते, आणि तेही विचारणाऱ्याला ठाऊक असते.

भाषांतर आणि व्याकरण यांची जोडी फुटू नये म्हणून पुढे १९३० नंतरच्या काळात रेन आणि मार्टिन या दुकलीचे व्याकरण आले, आणि 'व्याकरण चालवणे' व 'वाक्यपृथक्करण' या दोन शिक्षा घराघरांत पोहोचल्या. या दुकलीतील पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी होता. आपल्या मुलांनी त्याच्या नावाची धास्ती घेतली ती कर्मणिप्रयोगापायी. पण त्याच्या मायदेशी त्याची कीर्ती आहे ती 'बो जेस्ट' या १९२४ च्या साहसकथेसाठी, ज्यात फ्रेंच परदेशी पलटणीतले भाऊ सहारात एका किल्ल्याच्या तटावर प्राणपणाने झुंजतात. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, व्याकरण घोकवू नका, इंग्रजी इंग्रजीतूनच प्रत्यक्ष शिकवा, असे प्रतिपादन करणारे पुस्तकही याच रेनसाहेबाने हिंदुस्थानातील शाळांसाठी लिहिले होते. एकाच लेखकाने रोग आणि औषध दोन्ही पुरविल्यावर खात्याला निवड करणे जड गेले नाही. खात्याने व्याकरण ठेवले.

'प्रत्यक्ष पद्धती' या नावाने जी चळवळ निघाली, तिच्या जन्माची हकीकत मोठी बोधप्रद आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ नावाच्या भाषाशिक्षकाने अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स गावी १८७८ मध्ये शाळा काढली आणि फ्रेंच शिकविण्यासाठी निकोलस जोली नावाचा मदतनीस पत्राने नेमला. जोली आला तेव्हा असे उघडकीस आले की, त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. बर्लिट्झ स्वतः त्या वेळी आजारी पडलेला. निरुपायाने त्याने जोलीला सांगितले, वस्तू दाखव, हावभाव कर, आणि कसाबसा वर्ग सांभाळ. काही आठवड्यांनी तो अंथरुणावरून उठून, शिष्यांची क्षमा मागण्याच्या तयारीने, वर्गात गेला, तो मंडळी फ्रेंचमधून उत्साहाने संभाषण करीत असलेली त्याला दिसली. या प्रसंगावरून जगाने असा निष्कर्ष काढला की, शिक्षकाने वर्गात मातृभाषा वापरू नये. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. जोलीला इंग्रजी वापरावयाचे नव्हते असे नाही. ते त्याला येतच नव्हते. शिष्याच्या मनात काय आहे हे त्याला खरोखर कळत नव्हते, त्याच्या मनातले शिष्यांना कळत नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या या अस्सल अज्ञानामुळे त्या खोलीतला प्रत्येक शब्द कामाचा होता. पद्धती प्रसृत करताना बर्लिट्झच्या अनुयायांनी वस्तू घेतल्या, हावभाव घेतले, मातृभाषेवरची बंदी घेतली. फक्त जोलीचे अज्ञान तेवढे मागे राहिले. आपल्याकडचा शिक्षक मराठी उत्तम जाणत असूनही ती न जाणल्याचा बहाणा करतो, मुलांना हा बहाणा ठाऊक असतो, आणि मग मूल 'सर, पोटात दुखतंय' म्हणाले तरी सर 'से इट इन इंग्लिश' म्हणून पोटदुखीला भाषांतराची पायरी चढावयास लावतात.

फ्रान्समधील फ्रांस्वा ग्वँ याची कथा याहूनही करुण, आणि म्हणूनच अधिक विनोदी. जर्मन शिकावे म्हणून हा लॅटिनचा पंडित हँबुर्गला गेला; व्याकरण पाठ केले, अनियमित क्रियापदे पाठ केली, विद्यापीठात जाऊन व्याख्यान ऐकले, आणि एक शब्द कळला नाही. मग त्याने शब्दकोशच पाठ केला, सुमारे ३०,००० शब्द; तरीही कळले नाही. हात हलवीत घरी परतला तो घरातले अडीच-तीन वर्षांचे पोर, जे जाण्यापूर्वी धड बोलत नव्हते, ते घडाघडा बोलत असलेले त्याने पाहिले. ते पोर एकदा पिठाची गिरणी पाहून आले होते आणि तिथे पाहिलेले सारे क्रमाने सांगत सुटले होते. ग्वँने यावरून सिद्धांत मांडला की, भाषा म्हणजे क्रियांची मालिका. आणि दाराकडे जाणे, कडी काढणे, दार उघडणे अशा लहान लहान वाक्यांच्या माळा त्याने शिक्षकांना ओवून दिल्या. त्या माळा आपल्या शाळांपर्यंतही पोहोचल्या, आणि ओसरीवर भरणाऱ्या, मुळातच दार नसलेल्या वर्गांत 'आय ॲम ओपनिंग द डोअर' हे वाक्य हवेत हात फिरवून शिकविले जाऊ लागले. पोराला गिरणीविषयी कुतूहल होते आणि पाहिलेले कोणाला तरी सांगावयाचे होते, ही दोन कारणे मात्र ग्वँने गिरणीतच ठेवून दिली.

स्वातंत्र्यानंतर रचनात्मक पद्धतीचे राज्य आले, १९५८ मध्ये हैदराबादेस इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, आणि शब्दांच्या ऐवजी वाक्यांचे साचे मोजून मापून वर्गात उतरू लागले. खादी फलकावर, मागे काचकागद चिकटविलेली चित्रे लावावयाची, पंख्याच्या वाऱ्याने ती पडली की पुन्हा लावावयाची, आणि फळ्यावर 'सब्स्टिट्यूशन टेबल' आखून मुलांकडून वाक्ये पाडून घ्यावयाची, हा त्या पद्धतीचा नित्यक्रम. ही कोष्टके साधने म्हणून खरोखर उपयुक्त आहेत. पहिल्या रकान्यात चार कर्ते, दुसऱ्यात चार क्रियापदे आणि तिसऱ्यात चार कर्मे घातली की, एकही चूक न करता चौसष्ट वाक्ये तयार होतात. एका शाळेत अशा कोष्टकातून एका मुलाने पहिल्या रकान्यातले आजोबा, दुसऱ्यातले खाणे आणि तिसऱ्यातले वर्तमानपत्र उचलून 'माय ग्रँडफादर इज ईटिंग अ न्यूजपेपर' असे वाक्य केले. व्याकरणाने ते निर्दोष होते, त्यामुळे बाईंना ते चूक ठरविता येईना. पण वर्ग खदखदून हसला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'व्हाय?' असे विचारले. त्या तासातील त्रेसष्ट वाक्ये कोणी ऐकली नव्हती. हे चौसष्टावे साऱ्यांनी ऐकले, कारण त्यात कोणालाच ठाऊक नसलेली एक बातमी होती, आणि तो 'व्हाय' हा त्या दिवशीचा एकमेव खरा प्रश्न होता. बाईंनी 'सायलेन्स' म्हणून तो निकालात काढला.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, पद्धती ठीक असतात, परिस्थितीच प्रतिकूल असते. हे खरे आहे, आणि ते ओळखणारा एक साहेब होऊन गेला. मायकेल वेस्ट हा ढाक्क्यास शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत असे. नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची त्याने संपादिलेली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्रतिकूल परिस्थितीत इंग्रजी कसे शिकवावे यावर १९६० मध्ये त्याने स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यात प्रतिकूल वर्गाची लक्षणे सांगताना त्याने तिसांहून अधिक मुले, दाटीवाटीची बाके आणि उष्ण हवा यांचा समावेश केला आहे. आपल्या मास्तरांनी ते वाचले असते तर त्यांना गहिवरून आले असते. कारण आपल्याकडे वर्गात तीसच मुले दिसली तर गावात जत्रा आहे की नदीला पूर, याची चौकशी करण्याचा प्रघात आहे.

मोठ्या वर्गासाठी अनुभवी शिक्षकांनी काही युक्त्या मात्र खऱ्या कामाच्या काढल्या आहेत. आधी प्रश्न, मग नाव, ही त्यांतली पहिली. नाव आधी घेतले की उरलेली एकुणसाठ मुले तत्क्षणी जबाबदारीतून मुक्त होतात. प्रश्न आधी विचारला तर निदान दोन क्षण साऱ्यांच्याच पोटात गोळा उठतो. मुलांनीही या युक्तीवर तोड काढलेली आहे. पुढच्याच्या पाठीआड डोके नेणे ही प्राथमिक, अचानक बुटाची नाडी सोडविणे ही माध्यमिक, आणि शिक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर येत असल्याचा आत्मविश्वास चेहऱ्यावर आणणे, म्हणजे तो नक्कीच दुसऱ्याला विचारतो, ही उच्च माध्यमिक पायरी होय. समूहस्वराचा सराव ही दुसरी युक्ती. तिने लाजऱ्या मुलांची जीभ सुटते हे निर्विवाद, परंतु तीत ओठ हलविणारे किती आणि बोलणारे किती याची शिरगणती अद्याप कोणी केलेली नाही.

तिसरी युक्ती सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत दुर्मिळ आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विदुषीने वर्गांतल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून असे दाखविले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात, सुधारतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद! आपल्या वर्गातला मास्तर एवढा वेळ गप्प बसला तर मुले मुख्याध्यापकांना बोलावतील. पण घाईचे कारण त्याच्या स्वभावात नाही, प्रश्नाच्या जातीत आहे. गाडीची चौकशी करणारा प्रवासी उत्तरासाठी खिडकीशी पाच मिनिटे तिष्ठत उभा राहतो, कारण त्याला ते उत्तर हवे असते. ज्याच्या वहीत उत्तर लिहिलेलेच आहे, त्याने कोणाची आणि किती वाट पाहावी?

ठाऊक असलेलेच ऐकण्याची कानाला एकदा सवय लागली की न ठाऊक असलेले ऐकूच येईनासे होते, याचे प्रत्यंतर तळकोकणातील एका कौलारू शाळेत आल्याची हकीकत मला एका सेवानिवृत्त गुरुजींनी सांगितली. पूर्ण वर्तमानकाळाचा तास चालला असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून घाबऱ्या स्वरात म्हणाला, 'सर, स्नेक इज कम.' सरांच्या मुद्रेवर वेदना उमटली. 'इज कम? द स्नेक हॅज कम,' ते म्हणाले, आणि खडूने फळ्यावर 'हॅज' लिहून त्यांनी साऱ्या वर्गाला खूण केली. वर्गाने एकमुखाने 'द स्नेक हॅज कम' असे तीन वेळा म्हटले. तिसऱ्या आवर्तनाला ते जनावर वाशावरून भिंतीच्या फटीत निघून गेले, आणि तोच मुलगा पुन्हा उठून म्हणाला, 'सर, स्नेक हॅज गो.' गुरुजी सांगत होते की, 'हॅज गॉन' हे रूप त्या वर्गाला जन्मभर विसरता आले नाही. तेव्हा पद्धतीला अगदीच अपयशी म्हणता येत नाही.

याच्या उलट, जी इंग्रजी वाक्ये महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातल्या मुलाच्या तोंडी अस्खलित बसली आहेत, ती कोणत्या पद्धतीने आली हे पाहण्यासारखे आहे. 'मे आय कम इन, सर?' हे वाक्य घ्या. त्यात साहाय्यक क्रियापद आहे, क्रमविपर्यय आहे, आणि आठवीच्या परीक्षेत याच रचनेवर निम्मी मुले गारद होतात. पण उशिरा आलेले मूल ते उंबऱ्यावर उभे राहून, एक पाय आत टाकून, निर्दोष उच्चारते. कारण सर काय म्हणतील हे त्याला खरोखर माहीत नसते. ते 'कम इन' म्हणतील, 'व्हाय लेट?' म्हणतील, अथवा काहीच न म्हणता घड्याळाकडे पाहतील. हजेरीचेही तेच. मूल आले आहे की नाही हे शिक्षकाला नावागणिक ठाऊक नसते, म्हणून 'प्रेझेंट, सर' या उत्तराला किंमत आहे. इतकी की, गैरहजर मित्रासाठी तेच उत्तर निराळ्या आवाजात देण्याची कला मुलांनी कोणत्याही ध्वनिशास्त्राच्या मदतीवाचून हस्तगत केली आहे.

युरोप-अमेरिकेतील नव्या पद्धतींनीही मुलांना बोलते करण्याचे नाना खटाटोप करून पाहिले. जेम्स ॲशरने हुकूम सोडून शरीर हालवावयास लावले. नाकाला हात लावा, उभे राहा, बसा. आपल्या मुलांना ही पद्धत मनापासून आवडते, फक्त शेजारच्या वर्गाचे गणित बुडते. कॅलेब गाटेग्नोने शिक्षकालाच मौन धरावयास सांगून हाती रंगीत कांड्या दिल्या. साठ मुलांपुढे शिक्षक मौन धरून कांड्या वाटू लागला तर पुढे काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. बल्गेरियाच्या लोझानोव्हने मंद संगीत आणि आरामखुर्च्या सुचविल्या. खुर्च्यांच्या मागणीचा अर्ज आपल्याकडे वरिष्ठांकडे रवाना झाला असता, तर बाकांची दुरुस्ती मंजूर होऊन आला असता.

ठाऊक असलेले विचारण्याच्या वतनावर खरा घाला घातला तो मात्र आपल्याच देशात. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधील एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांतून एक प्रयोग चालविला. त्यात व्याकरण शिकविण्याचे बंद करून मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, आणि अंतरांचे व भाड्यांचे हिशेब ठेवले. अमुक गावाहून दुपारी निघून संध्याकाळपूर्वी तमुक गावी पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी, असे प्रश्न. आधी एक काम शिक्षकाने वर्गाबरोबर उघडपणे करावयाचे, मग तसेच दुसरे मुलांनी स्वतः. निम्म्या वर्गाने निम्मे काम बरोबर केले की काम योग्य होते असे समजावयाचे; पस्तीस गुणांच्या आपल्या परंपरेलाही हा हिशेब मानवण्यासारखा आहे. मूल गाडीचा विचार करते आणि इंग्रजी त्या विचाराच्या मागोमाग येते, अशी त्यामागची कल्पना. इथेही गाडी कोणती हे शिक्षकाला ठाऊक असते, हे खरे; पण मुलाला ते ठाऊक नसते, आणि सुरळीच्या कोपऱ्यात ते सापडतही नाही.

याचीच धाकटी बहीण म्हणजे दोघांत माहिती वाटून देण्याची युक्ती. एकाच्या कागदावर एस.टी.च्या गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर पोहोचण्याच्या. दोघांनी इंग्रजीत विचारपूस करून तक्ता पुरा करावयाचा. योजना निर्दोष आहे. मी पाहिलेल्या वर्गात पहिल्या जोडीने ती अर्ध्या मिनिटात पार पाडली. एकाने कागद पुढे सरकवला आणि म्हटले, 'हे बघ.' बाई अनुभवी होत्या. त्यांनी मुलांना पाठीला पाठ लावून बसविले. मग मात्र चमत्कार झाला. मान वळवून काही दिसेना, बाईंची नजर चुकेना, आणि 'व्हॉट टाइम सातारा?' असा एक मोडका पण संपूर्ण गरजू प्रश्न जन्मास आला. उत्तर आले, 'टेन थर्टी.' 'नॉट टेन थर्टी, कोल्हापूर टेन थर्टी!' असा प्रतिवाद झाला, आणि दोन मुलांचे इंग्रजीतून चक्क भांडण जुंपले. भांडणाचे व्याकरण वाईट होते. बाईंनी ते सुधारले नाही, एवढ्यावरूनच त्यांची योग्यता कळावी.

आपल्याकडे इंग्रजीवरचा वाद मात्र नेहमी इयत्तेचाच झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तिला पाचवी ते सातवीतून रजा देऊन आठवीत बसविले. पुढे ती पाचवीत परतली. आणि २००० सालापासून महाराष्ट्राने तिला थेट पहिलीत आणून बसविले. केव्हा विचारावे यावर समित्या बसल्या, अहवाल आले, संपादकीये झाली. काय विचारावे याचा मसुदा कोणी मांडल्याचे दिसत नाही. परिणामी पूर्वी तेरा वर्षांच्या मुलाला विचारले जाणारे 'व्हॉट इज धिस?' आता सहा वर्षांच्या मुलाला विचारले जाते, आणि तेही त्याला ठाऊक असतेच.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने निदान एक प्रश्न असा विचारावा की, ज्याचे उत्तर त्याला स्वतःला माहीत नाही. सकाळी काय खाल्ले, घरची म्हैस कितीदा पळाली, शेजारच्या वर्गातल्या बाई आज का रागावल्या, काहीही चालेल. त्यासाठी लागणारे अज्ञान हे एकमेव शैक्षणिक साधन असे आहे की, ज्यासाठी निविदा मागवावी लागत नाही, जे मोडत नाही, आणि जे सर्व शाळांत पुरेशा प्रमाणात उपलब्ध आहे. अडचण एकच दिसते. सूचना मान्य झाली तर तिचे परिपत्रक निघेल. परिपत्रक निघाले की तपासणीच्या तक्त्यात 'शिक्षकास ठाऊक नसलेला प्रश्न' असा रकाना पडेल. रकाना पडला की तो प्रश्न पाठटिपणात आगाऊ लिहावा लागेल, आणि त्याच्यासमोर अपेक्षित उत्तरही. मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, परिपत्रकाची शाई वाळण्यापूर्वी, 'शिक्षकास ठाऊक नसलेले शंभर प्रश्न, उत्तरांसह' ही पुस्तिका दुकानांच्या फळ्यांवर लागेल, आणि पालक ती शिक्षकांच्या आधी विकत घेतील.